चिमण्यांना फीडर कशाला, कणीस टांगा की

मागच्या रविवारी मंगळवेढ्याला मामाकडं गेलेले. ज्वारीची काढणी आटपत आलीय, कणसांचा ढीग पडलेला आणि मळणीची मशीन दुसऱ्या दिवशी येणार होती. मी मामाला म्हणलं, मशीनमध्ये घालायच्या आधी मला चाळीसेक कणसं धाटासकट दे. तर म्हणतो, "हुरड्याचे दिवस गेले की गं, एवढ्याचं काय करतीस?" म्हणलं चिमण्यांना टांगायचीत. मग त्यानंच हुडकून हुडकून भरल्या दाण्याची कणसं काढली, वीतभर धाट ठेवून विळ्यानं कापली आणि पोत्यात भरून दिली. म्हणाला, "तुझी आज्जी पण हेच करायची बघ."

हे मी साफ विसरले होते. आज्जीचं माळवदाचं घर होतं, सोप्यात तुळईला सुतळीनं बांधलेली कणसांची जुडी असायची आणि दिवसभर चिमण्यांची ये-जा. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी दाण्यात आली की हाच मामा माचावर उभा राहून गोफण फिरवायचा, ओरडून ओरडून घसा बसायचा त्याचा. पण शेतात हाकललं तरी काढणीनंतर घरात त्यांचा वाटा असायचाच, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. दुष्काळात दामाजीपंतांनी लोकांसाठी कोठारं उघडली ते हे गाव, तिथं पाखरांना चार कणसं जड होणार नाहीतच.

आता २० मार्च जवळ आला. २०१० पासून हा चिमणी दिवस पाळतात, चांगलंच आहे ते, पण त्या दिवशी सगळीकडं प्लास्टिकचे फीडर वाटताना, विकताना बघितलं की मला राहवत नाही. मी पण चार वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवला होता एक. खाली गोल ट्रे, वर पारदर्शक डबा. आठ दिवसांत त्याच्यावर कबुतरं आली, ट्रेला पाय टेकायला ऐसपैस जागा मिळाल्यावर ती कशाला सोडतायत, चिमण्या लांब तारेवर बसून नुसत्या बघायच्या. आणि मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ च्या उन्हात त्या डब्याला तडे गेले, गेला कचऱ्यात.

कणसाचं तसं नाही. कणीस हलतं, गोल फिरतं, कबुतराला त्याच्यावर धड बसताच येत नाही. चिमणी मात्र आडवी चिकटते, एक दाणा उपसते, चोचीत फिरवून फिरवून वरचं बोंड काढून टाकते आणि मग दाणा फोडते. काल मी खिडकीच्या आत दीड-दोन हातावर उभी होते, नर होता, गळ्याखाली काळा डाग असलेला, त्याच्या चोचीच्या कडेला ज्वारीचं पांढरं पीठ लागलेलं चक्क दिसत होतं. किती वेळ बघत उभी होते माहीत नाही, गॅसवरची भाकरी करपली.

करायचं लई सोपं आहे. सात-आठ कणसं घ्यायची, दोन दिवस कडक उन्हात वाळवायची (ओल राहिली तर बुरशी धरते, सोंडे किडे पण होतात), धाटं एकत्र करून सुतळीनं आवळायची आणि कणसं खाली लोंबतील अशी टांगायची. मांजराची उडी पोचणार नाही एवढ्या उंचीवर, आणि जवळ एखादं झाड किंवा दाट कुंडी असेल तर बरं, कारण चिमण्या आधी तिथं बसून अंदाज घेतात मग येतात. सूर्यफुलाचं वाळलेलं फूल मिळालं तर दाभणानं भोक पाडून तेही टांगा. करवंटीला तीन भोकं कडेला आणि एक बारीक तळाला पाडलं की बाजरी, राळं, तांदळाची कणी घालायला भांडं तयार. बाजरीची कणसं दिवाळीच्या आधीच मिळतात, ज्वारी आता, म्हणजे ज्या सुगीला जे निघेल ते टांगायचं.

नायलॉनची दोरी मात्र अजिबात वापरू नका ओ. पहिल्या वर्षी मी घरात पडलेली होती ती वापरली, तिचा दोरा सुटला आणि एका चिमणीचा पाय त्यात गुंतला. मी आणि लेकीनं नेलकटरनं एक एक धागा कापला, तिचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं, लेक रडायलाच लागली. उडून गेली बिचारी, पण तो धडा मला पुरला. पेरणीचं रंग लावलेलं बियाणं उरलंय म्हणून तेही घालू नका, त्याला औषध लावलेलं असतं. फरसाण, खारे शेंगदाणे, शिळा मसालेभात पण नको. शेजारी मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि रोज बदला.

आमच्या सोसायटीत घाण होते म्हणून तक्रार झालीच. मी जुडीच्या बरोबर खाली मोठी कुंडी ठेवली, भुसकट आणि दाणे त्यातच पडतात. त्या दाण्यांना कोंब आले, हिरवीगार ज्वारी उगवली आणि त्यावर बारीक किडे, नाकतोडे यायला लागले. हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण चिमणीची पिल्लं सुरुवातीला दाण्यावर जगत नाहीत, त्यांना किडे-अळ्याच लागतात. म्हणून जास्वंदीवर मावा दिसला की लगेच फवारा मारू नका. पिल्लांचं जेवण आहे ते.

मृगाचा पाऊस लागला की मी कणसं काढून ठेवते, भिजली की काळी पडतात. तोपर्यंत एक जुडी साधारण बारा-पंधरा दिवस पुरते.

पोत्यात अजून तीन जुड्या होतील एवढी कणसं आहेत. सोलापुरात होटगी रोड, सात रस्ता बाजूला कुणाला हवी असली तर मेसेज करा आणि घेऊन जावा, पैसे बिलकुल नकोत. सुतळी तेवढी घरनं आणा.