वेटरची टिप मालकाने दिलेल्या पगारात बसत नाही

‘वेटरला टिप मिळते, दोन वेळचं जेवण मिळतं, झोपायला माळा मिळतो. वर किमान वेतन लादलं तर मुंबईतली उडपी हॉटेलं बंद पडतील. अमेरिकेतसुद्धा टिप पगारात धरतात.’ हा मेसेज फिरत फिरत भाच्याच्या मोबाईलवर आला आणि शेटकडे पगाराचं बोलायला निघालेला तो पोरगा गप्प बसला. म्हणून हे लिहितोय.

आधी टिप, कारण खरी लबाडी तिथे आहे. बडीशेपेच्या बशीत ठेवलेले वीस रुपये गिऱ्हाइकाच्या खिशातले. मालकाचा त्यात एक पैसा नाही. २०१६ मध्ये आयटीसी या हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीच्या प्राप्तिकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय: कार्डाच्या बिलात जोडलेली टिप आधी हॉटेलच्या खात्यात गेली, तरी हॉटेल ती फक्त विश्वस्त म्हणून सांभाळतं, तो पगार नव्हे. प्रकरण टीडीएसचं, म्हणजे पगार देतानाच कापायच्या कराचं होतं, मान्य. पण जो पगारच नाही, त्यातून पगाराची तूट भरायची कशी? आज बिल ३८० चं होतं आणि गिऱ्हाईक क्यूआर कोडवर ४०० मारतं. वरचे २० रात्री गल्ला मोजताना कुठे जातात, ते विचारून बघा. आणि मोरीवर भांडी घासणाऱ्याला, भट्टीवरच्या मास्तरला तर बशी दिसतही नाही.

अमेरिकेचं अर्धंच सांगितलंय. तिथे टिपवाल्यांचा केंद्रीय दर तासाला २.१३ डॉलर आहे, पण टिप धरून तिथल्या किमान वेतनाचे ७.२५ डॉलर होत नसतील तर फरक मालकाने भरायचा. कॅलिफोर्नियात तर ही सवलतच नाही.

जेवणाचा मुद्दा नाइलाजाने थोडा मानतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, म्हणजे पगाराच्या नव्या केंद्रीय कायद्यात, पगाराऐवजी दिलेली वस्तू १५ टक्क्यांपर्यंत वेतनात धरता येते. पंधरा, अर्धा पगार नव्हे.

हॉटेलं बंद पडतील? समजा दहा माणसांना महिना ३,००० वाढवले. झाले ३०,०००. रोज ३०० गिऱ्हाइकं म्हणजे महिन्याला ९,०००. डोक्यामागे ३ रुपये ३३ पैसे. रोज साठच येत असतील तर जवळजवळ पावणेसतरा रुपये पडतात, आणि ते जड जातं, खरंय. पण मालकाची ऐपत किमान वेतन ठरवताना बघायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगून ठेवलंय.

मेसेजमध्ये ओव्हरटाइमचा शब्द नाही, आणि सगळ्यात जास्त पैसा तिथेच बुडतो. समजा महिना १३,०००. भागिले २६, दिवसाला ५००. भागिले ८, तासाला ६२.५०. जादा तासाला दुप्पट, १२५. रोज अकरा तास, सहा दिवस, म्हणजे ६६ तास. आठवड्याचे नेहमीचे ४८ वजा करून जादाचे १८ उरतात. आठवड्याला २,२५० रुपये. ‘कमी पगाराला राजी आहे’ अशी सही घेतली असली तरी ती कायद्यात टिकत नाही. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. तेव्हा आल्या-गेल्याची वेळ रोज वहीत लिहायची, आणि हजेरीपटाचा फोटो मिळाला तर तोही ठेवायचा.