विक्री वाढली तर फायदा कोणाचा? महाद्वार रोड आणि एका परदेशी कंपनीचा भाडेकरार

माझ्या परिचयातील एका तरुण बांधकाम व्यावसायिकाच्या मनात पुणे-बंगळूर महामार्गालगत एक उघडे खरेदी संकुल उभारायचे आहे. वातानुकूलित मॉल त्याला नको आहे. मधून पायवाट, दोन्ही बाजूंना बैठी दुकाने, झाडे, बाके आणि बाहेर ऐसपैस पार्किंग असे त्याचे चित्र आहे, आणि त्यासाठी तो ‘व्हॅल्यू रिटेल’ या कंपनीचा दाखला देतो. मी व्यवसायाने करसल्लागार असल्यामुळे इमारतींपेक्षा हिशेबाच्या वह्यांशी माझी ओळख अधिक आहे. म्हणून त्याने पाठवलेली छायाचित्रे बाजूला ठेवून ती कंपनी दुकानदारांकडून भाडे कसे घेते, ते मी समजून घेतले. त्यानंतर माझे मत असे झाले की तिचा भाडेकरार कोल्हापूरने अवश्य अभ्यासावा, पण त्याचा उपयोग महामार्गावर नव्हे, अंबाबाई मंदिरालगतच्या महाद्वार रोडवरील बाजारात शोधावा.

आधी कंपनीविषयी. स्कॉट मल्किन या अमेरिकन उद्योजकाने १९९२ मध्ये तिची स्थापना केली आणि १९९५ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात ‘बिस्टर व्हिलेज’ सुरू केले. त्यानंतर बार्सिलोना, माद्रिद, पॅरिस, मिलान, म्युनिक, डब्लिन अशा शहरांच्या आसपास तिची केंद्रे निघाली. चीनमध्ये २०१४ साली सुझौ आणि २०१६ साली शांघाय येथे ती पोहोचली, तर २०२४ मध्ये न्यूयॉर्कजवळ बेल्मॉन्ट पार्क येथे अमेरिकेतील पहिले केंद्र उघडले. युरोपात नऊ, चीनमध्ये दोन आणि अमेरिकेत एक अशी ही बारा ‘गावे’ आहेत. त्यांत माणसे राहत नाहीत, तेथे फक्त दुकाने आहेत. मोठ्या ब्रँडचा मागील हंगामातील माल मूळ किमतीपेक्षा कमी दरात विकणे हा तेथील व्यवहार असतो.

जागेच्या निवडीमागे या धंद्याचे एक साधे गणित असते. केंद्र महानगरापासून फार दूर असेल तर पर्यटक तेथवर जात नाही, आणि अगदी शेजारी असेल तर त्याच ब्रँडच्या शहरातील पूर्ण किमतीच्या दुकानाचे गिऱ्हाईक तुटते. म्हणून साधारण तासाभराच्या प्रवासाचे अंतर धरले जाते. पॅरिसचे केंद्र डिस्नेलँडजवळ आहे आणि शांघायचेही डिस्नेच्याच उद्यानाला लागून आहे, यात योगायोग नाही. बिस्टरला तर २०१५ मध्ये जुने रेल्वे स्थानक नव्याने बांधून त्याला या खरेदी केंद्राचेच नाव देण्यात आले, आणि तेथे अरबी व चिनी भाषांतही सूचना दिल्या जातात. तासाभराच्या अंतरावर महानगर ही अट कोल्हापूरला लावली तर उत्तर लगेच मिळते. पुणे सव्वादोनशे किलोमीटरहून दूर आहे, बेळगाव शंभराच्या पुढे आहे, आणि सांगली जवळ असली तरी ती महानगर नव्हे. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हाच महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. तेथे बैठी दुकाने बांधू इच्छिणाऱ्याने पंचगंगेची पूररेषा आधी पाहावी.

आता मूळ मुद्दा. या कंपनीचे भाडे मुख्यतः दुकानाच्या विक्रीशी बांधलेले असते. दुकानदार ब्रँडने आपली विक्री कंपनीला कळवायची आणि त्यातील ठरलेला टक्का द्यायचा. यामुळे मालकाचे सगळे वागणेच बदलते. गिऱ्हाईक स्वच्छतागृह सापडले नाही म्हणून अर्ध्या तासात परत गेले तर नुकसान दुकानदाराचे होते, तसे मालकाचेही होते. पार्किंग, बसायची बाके, तान्ह्या मुलाला घेऊन आलेल्या बाईची सोय, पावसात दुकानापुढचा आडोसा या सर्व गोष्टींचा खर्च मालक करतो, कारण त्या खर्चाने गिऱ्हाईक दोन तास जास्त थांबते आणि त्याचा टक्का वाढतो. मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना मी बिस्टर पाहिले. दुकानांतील वस्तूंच्या किमती पाहून आमच्या घरच्यांनी खरेदीचा विचार सोडला, तो भाग वेगळा. मात्र तेथे कचऱ्याची एक पेटीही ओसंडून वाहताना दिसली नाही. हे इंग्रजांच्या शिस्तीमुळे होते असे मला वाटत नाही, कारण त्याच देशातील अनेक जुन्या बाजाररस्त्यांवर बंद पडलेल्या दुकानांच्या रांगा आहेत.

आता महाद्वार रोडचा हिशेब मांडू. अंबाबाईच्या दर्शनासाठी वर्षभर येणारा भाविक हे कोणत्याही परदेशी कंपनीने हेवा करावा असे गिऱ्हाईक आहे. त्याला जाहिरात करून बोलवावे लागत नाही, आणि तो रिकाम्या हाताने घरी जात नाही. दर्शन झाले की गुजरी, चप्पल लाईन, भवानी मंडप, ताराबाई रोड, कपिलतीर्थ मार्केट हे सारे चालत गाठता येते. उघड्या आकाशाखालचे, पायी फिरण्याचे खरेदी केंद्र म्हणून ज्याची रचना कोट्यवधी खर्चून केली जाते, ते आपल्याकडे शतकाहून अधिक काळ आहे. अशा बाजारात विक्री दहा टक्के वाढली तर अधिकार असलेल्या कोणाचे उत्पन्न वाढते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर ‘कोणाचेच नाही’ असे मिळाले.

इमारतीच्या मालकाचे घ्या. पेठेतील कितीतरी दुकाने जुन्या भाडेकरूंकडे आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यांची भाडी गोठवली आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाल्यावर त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. मूळ भाडेच काही शे रुपये असेल तर चार टक्क्यांनी मालकाच्या हाती काय पडणार? इमारत नीट राखण्याची जबाबदारी हाच कायदा मालकावर टाकतो, पण ज्या दुकानातून महिन्याला चहापाण्याइतके पैसे येतात त्याच्या गच्चीची गळती काढायला मालक कशाला येईल? जो काही मोठा पैसा फिरतो तो पागडीच्या रूपाने, म्हणजे दुकान हातोहात बदलते तेव्हा. दुकान रोज कसे चालते याच्याशी त्याचा फारसा संबंध उरत नाही. गंमत अशी की एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागा या कायद्याच्या बाहेर ठेवलेल्या आहेत. म्हणजे आमच्या तरुण मित्राचे महामार्गावरचे संकुल मोठ्या ब्रँडना टक्केवारीवर गाळे देण्यास मोकळे आहे, आणि पेठेतला मालक व त्याचा भाडेकरू मात्र एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले आहेत.

महापालिकेचे तरी काय? जकात होती तेव्हा ती जाचक होती, नाक्यांवरील खाबूगिरीच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत आणि तिचा पुरस्कार करण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण शहरात माल जास्त आला की पालिकेच्या तिजोरीत पैसे जास्त येत, एवढा धागा तिच्यात होता. जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरती तीही संपली आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर महापालिकांना राज्याकडून भरपाईचे अनुदान मिळू लागले, जे वर्षाला आठ टक्के या ठरावीक दराने वाढते. महाद्वार रोडवर दिवाळी जोरात झाली काय किंवा कोरडी गेली काय, त्या अनुदानात एका रुपयाचा फरक पडत नाही. घरफाळाही विक्रीवर ठरत नाही. अधिकाऱ्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. ज्याच्या ताळेबंदात बाजाराची भरभराट दिसतच नाही, त्याने बाजाराची काळजी मनापासून करावी, ही अपेक्षाच मुळात हिशेबात बसत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग एखाद्या कंपनीलाच महाद्वार रोड चालवायला द्यावा. तसे मी मुळीच म्हणणार नाही, कारण टक्केवारीच्या भाड्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला विक्रीवर टक्का हवा आहे, तो प्रत्येक चौरस फुटावर जास्तीत जास्त विक्री करणाराच दुकानदार ठेवणार. हळदी-कुंकू, बांगड्या, पूजेचे साहित्य, घड्याळदुरुस्ती, जुनी पुस्तके यांना त्या हिशेबात जागा राहत नाही. चप्पल लाईनचे उदाहरण तर ताजे आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जून महिन्यात प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमधील फॅशन शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचा उल्लेखही न करता मांडल्या, आणि इकडून ओरड झाल्यावर भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. त्या प्राडाचे दुकान बिस्टरमध्ये आहे. आपल्या चप्पल कारागिराला मात्र त्या रस्त्यावर गाळा मिळण्याची शक्यता शून्य. मालकी एका हाती असली की ती विकलीही जाते, हाही धोका आहेच. हॅमरसन या ब्रिटिश कंपनीने २०२४ मध्ये व्हॅल्यू रिटेलमधील आपला हिस्सा एल कॅटरटन या गुंतवणूकदार संस्थेला विकायचे ठरवले, त्यातून तिला सुमारे ६० कोटी पौंड रोख मिळणार होते. या संस्थेच्या भागीदारांत ‘एलव्हीएमएच’ हा महागड्या ब्रँडचा सर्वांत मोठा समूह आहे. म्हणजे बाजाराच्या मालकीत आता बाजारातील सर्वांत मोठ्या दुकानदाराचे हितसंबंध आले. आपल्याकडे असे घडले असते तर लहान दुकानदारांची झोप उडाली असती.

एका हाती मालकी नको, पण बाजाराकडे लक्ष देणारे कोणीतरी हवे, अशी ही कोंडी आहे. कोल्हापूरला ती नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, व्यापाऱ्यांना सवलती दिल्या, आणि तेथून गुळाची बाजारपेठ उभी राहिली. पुढे १९१७ मध्ये जयसिंगपूर वसवतानाही आखीव रस्ते आणि व्यापाराची सोय आधी पाहिली गेली. तेथे राज्यकर्ताच राखणदार होता आणि व्यापार वाढला तर संस्थानाचा वसूल वाढत होता. दुसरे टोक पाहायचे तर कोल्हापूर शहराबाहेरचे गांधीनगर घ्या. फाळणीनंतर वळिवड्याच्या छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी तेथे कापडाची घाऊक पेठ उभी केली, जिच्यावर कोकण, गोवा आणि सीमाभागातील दुकाने आजही अवलंबून आहेत. स्वस्त मालासाठी शहराबाहेर जाणे हाच जर या केंद्रांचा आत्मा असेल, तर कोल्हापूरचे ते केंद्र गांधीनगरात आधीच आहे, फक्त कारंजे नाही. तेथेही रस्त्यांची आणि पार्किंगची स्थिती काय आहे, हे लग्नसराईत गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

मला जो मार्ग व्यवहार्य वाटतो तोही इंग्लंडमध्येच आहे, पण तो बिस्टरच्या शेजारच्या जुन्या शहरांचा. २००४ पासून तेथे असा कायदा आहे की एखाद्या बाजारभागातील व्यावसायिकांनी मतदान करून स्वतःवर ठरावीक वर्गणी बसवून घ्यायची. मंजुरीसाठी दुहेरी बहुमत लागते: मतदारांच्या संख्येनेही आणि त्यांच्या मालमत्तांच्या करमूल्यानेही. त्यामुळे मोठे दुकानदार लहानांवर वर्गणी लादू शकत नाहीत आणि लहानही मोठ्यांवर नाही. मंजूर झाली की ती विरोधात मत दिलेल्यांनाही भरावी लागते. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे, नंतर पुन्हा मतदान. पैसा नगरपालिकेच्या सामान्य कामांत मिसळत नाही, त्या भागातच खर्च होतो. म्हणजे टक्केवारीचे भाडे घेणाऱ्या मालकाला जी भीती असते, ती येथे दर पाच वर्षांनी होणाऱ्या मतदानातून निर्माण केलेली आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून सुरुवात नोंदणीकृत संस्थेने आणि स्वेच्छेनेच करावी लागेल. विक्रीवर वर्गणी घ्यावी असे तत्त्वतः मला वाटते. समजा रोज वीस हजारांची विक्री असलेल्या तीनशे दुकानांनी पाव टक्का दिला, तर दुकानामागे दिवसाला पन्नास रुपये होतात, आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी पंचेचाळीस लाख जमतात. एवढ्यात स्त्रियांसाठी दोन चांगली स्वच्छतागृहे, दुपार-संध्याकाळची वेगळी झाडलोट, बिंदू चौकातील पार्किंगपासून वृद्धांसाठी बॅटरीवरची गाडी, हे सगळे चालू शकते. पण खरा विक्रीचा आकडा आपला दुकानदार शेजाऱ्याला सांगणार नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? म्हणून पहिली काही वर्षे दुकानाच्या रस्त्याकडील रुंदीवर, दर फुटाने वर्गणी घ्यावी हे बरे. फेरीवाल्यांना या संस्थेत मत द्यावे लागेल, त्याला अनेक दुकानदार मित्रांचा विरोध होईल याची मला कल्पना आहे. परंतु महाद्वारातले निम्मे गिऱ्हाईक त्यांच्यामुळे थांबते, हे गल्ल्यावर बसणाऱ्यालाही खाजगीत मान्य असते.

हे आताच लिहिण्याचे कारण असे की राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये अंबाबाई मंदिर परिसराच्या सुमारे १,४४५ कोटींच्या आराखड्याला मान्यता दिली आहे. त्यातून बांधकामे होतील, फरशा बसतील, दिवे लागतील. त्यांची देखभाल कोणी आणि कोणाच्या पैशाने करायची, हे बांधकाम सुरू होण्यापूर्वी ठरले तर व्यापाऱ्यांना आराखड्यात बोलण्याचा अधिकार मागता येईल. नंतर फक्त तक्रार करता येईल. संस्थेच्या नियमावलीचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे आणि मागणाऱ्यास विनामूल्य देईन. दर फुटामागे किती रुपये योग्य, आणि कोपऱ्यावरील दुकानांची एक बाजू मोजायची की दोन्ही, एवढे मला अजून ठरवता आलेले नाही. त्यावर पेठेत प्रत्यक्ष दुकान असलेल्यांनी आपले मत येथे लिहावे.