एचडीचे पैसे भरूनही मॅच धूसर: बेळगावातल्या वडगावच्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या केबल सेवेला एकच तारा देऊन तुम्ही लिहिलंय: 'एचडी बॉक्सचे पैसे घेतले, तरी चित्र धूसर. हॉकी-फुटबॉल एचडीत लावतच नाहीत. दूरदर्शनवरची फुकटची मॅचसुद्धा केबलवाले कापतात.' वाचून वाईट वाटलं, कारण पहिल्या तक्रारीत चूक सरळ आमची आहे.

लाइनमनला विचारलं. बॉक्स बसवायला आला तेव्हा त्याच्याकडे एचडीएमआय वायर नव्हती, म्हणून लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची जुनी वायर लावून तो निघून आला. त्या वायरीतून एचडी जातच नाही. १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र ७२० बाय ५७६ वर येतं, म्हणजे पाचातला एकच ठिपका तुमच्या पडद्यावर पोचतो. चॅनलच्या नावात एचडी, चित्र मात्र जुनंच. दोन महिने जादा भरलेले पैसे पुढच्या रिचार्जमध्ये वळते करतो. वायर उद्या बसेल, तिचे पैसे द्यायचे नाहीत.

दूरदर्शनची मॅच मात्र आम्ही कापत नाही. २००७ च्या कायद्याने हक्क घेतलेल्या कंपनीला राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं. पण ते दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिश या त्यांच्या मोफत छत्रीवरच दाखवायचं, केबल आणि खासगी डिशवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. म्हणून शेजारी फ्री डिशच्या छत्रीवर मॅच चालू असते आणि तुमच्या दूरदर्शनवर दुसराच कार्यक्रम. मोठी स्पर्धा आली की या एका गोष्टीवरून माझा फोन दिवसभर वाजतो. मला स्वतःला हे पटत नाही. देशाची मॅच म्हणून जी मागून घेतली, ती एकाच गल्लीत एका घरी दिसावी आणि पलीकडच्या घरी नको, हे बरोबर नाही.

हॉकी-फुटबॉलचं दुखणं जुनं आहे. चॅनल आम्हाला पुरवणाऱ्या वरच्या कंपनीच्या कंट्रोल रूममधून येतात आणि वायरीत जागा मोजकी. एका एचडीच्या जागेत तीन-चार साधे चॅनल बसतात, मग क्रिकेटचा एचडी राहतो आणि बाकीचे खेळ साध्यात जातात. त्यात एका पॅकमध्ये त्याच चॅनलचा साधा आणि एचडी दोन्ही ठेवता येत नाहीत. आपल्या भागात पॅक कन्नडचा असतो, मराठी चॅनल वेगळे निवडावे लागतात. बिल फुगलं की लोक आधी एचडी काढतात. मग कंपनीवाले मला विचारतात, बेळगावात एचडी बघतंय कोण?

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते. त्यांच्या गावात हॉकीचा चेंडू कुठे गेला हेच दिसू नये, याचा राग मलाही येतो. एचडीत हॉकी-फुटबॉल हवं असलेल्यांची नावं मी वहीत लिहून घेतोय. महिनाअखेरीस सह्यांचा कागद घेऊन कंपनीच्या ऑफिसात जाणार आहे. उद्या लाइनमन येईल तेव्हा त्याच्याकडे वही असेल, तुमचीही सही करा.