पहिलं पुस्तक कुणाला द्यायचं

दादरला एका कार्यक्रमाला गेले होते. संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीशी नेहमीची मंडळी उभी. त्यात एक सत्तावीस वर्षांची मुलगी होती. भांडुपला राहते, बँकेत नोकरी करते, लोकलमध्ये मोबाईलवर कथा लिहिते. नऊ कथा झाल्यात, दोन दिवाळी अंकांत आल्या आहेत. तिला एका छोट्या प्रकाशकाने पुस्तकासाठी विचारलंय, ते ती आनंदाने सांगत होती. तेवढ्यात एक ज्येष्ठ सगळ्यांदेखत म्हणाले, "असल्या किरकोळ प्रकाशकाला पहिलं पुस्तक देऊन फुकट घालवू नकोस. थांब चार वर्षं. मोठ्या प्रकाशन-घरातून येऊ दे." मुलीचा चेहरा उतरला. चहा तसाच हातात राहिला तिच्या.

मी तिथे गप्प बसले. मुलुंडपर्यंत स्लो लोकलमध्ये तेच डोक्यात होतं. बोलायला हवं होतं मी. म्हणून आता लिहिते.

चार वर्षं थांब म्हणजे काय? मी थांबले आहे. २००८ साली माझ्या कथांचं बाड एका मोठ्या नावाच्या प्रकाशनाकडे दिलं होतं. दर दोन महिन्यांनी फोन करायचा आणि पलीकडून "वाचनात आहे" ऐकायचं. असे बावीस महिने. मग पाकीट परत आलं. सोबत एक ओळसुद्धा नाही. आवडलं नाही म्हणा, भाषा कच्ची आहे म्हणा, काहीतरी म्हणा! त्या बावीस महिन्यांत मी एकही नवी कथा लिहिली नाही. हे नुकसान कुणी मोजत नाही.

आणि मग एका छोट्या प्रकाशकांचा, म्हणजे काकांचा, फोन आला. दिवाळी अंकात माझी कथा वाचून त्यांनीच नंबर शोधला होता. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्या. खाटेखाली बाइंडरकडून आलेले गठ्ठे, दाराशी काकू सुतळीने पार्सलं बांधत बसलेल्या. एवढंच ते प्रकाशन. काकांनी मला समोर बसवून माझीच कथा मोठ्याने वाचायला लावली. शेवटच्या परिच्छेदापाशी थांबवलं आणि विचारलं, "हा कुणासाठी लिहिलायस? गोष्ट तर वरच संपली." पेन्सिलने एक आडवी रेघ. असे चार रविवार. लिहिणं म्हणजे काय ते मी त्या चार रविवारांत शिकले. ते बावीस महिने मला हे शिकवू शकले नसते.

हो, वितरण नसतं. मान्य. पाचशे प्रती काढल्या, दोन वर्षांत तीनशेच्या आसपास गेल्या, नागपूरच्या दुकानात पुस्तक कधी दिसलं नाही. पण मोठ्या घराकडून आलेलं नवख्या माणसाचं कथांचं पुस्तक तरी किती दुकानांत दर्शनी ठेवतात? दादरच्या दुकानांत जाऊन बघा.

"पहिलं पुस्तक एकदाच पहिलं असतं," असंही ते ज्येष्ठ म्हणाले. खरं आहे ते. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठी वेगळे पुरस्कार आहेत, कथेसाठी ग. ल. ठोकळांच्या नावाचा, कवितेसाठी बहिणाबाईंच्या नावाचा. ती संधी एकदाच. पण म्हणून ते पुस्तक मोठ्याच घरातून यायला हवं, हे कुठून आलं? कवी अरुण कोलटकरांचा 'भिजकी वही' हा संग्रह अशोक शहाण्यांच्या प्रास या छोट्या प्रकाशनाने काढला. २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच पुस्तकाला मिळाला. मुंबईतल्या लघुनियतकालिकांवर, म्हणजे लेखकांनी स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांवर, व्याख्यानं देणारी माणसं छोट्या प्रकाशकाला किरकोळ कसं म्हणू शकतात, मला खरंच कळत नाही.

पैसे मागून छापणाऱ्यांची मात्र मी बाजू घेत नाही. "पस्तीस हजार द्या, पुस्तक काढतो" म्हणणारा छोटा प्रकाशक नव्हे. तो छपाईचं कंत्राट घेणारा माणूस आहे. आयएसबीएनचेही, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचेही, पैसे लावतात हे लोक! तो आपल्या देशात सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. बाड न वाचता "छान आहे, छापू" म्हणणारा भेटला तर तिथूनच मागे फिरावं. तुमच्या परिच्छेदावर रेघ मारायची ज्याची तयारी आहे, त्याला पुस्तक द्यावं, मग त्याच्या दोन खोल्या असोत नाहीतर एक.

आता काकांची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मुलगी हे वाचेल. आमच्यात करार नव्हता. रॉयल्टी म्हणून पन्नास प्रती दिल्या, त्या मी आनंदाने घेतल्या. कागद मागणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असं वाटायचं. २०१६ ला काका गेले. मुलाने प्रकाशन बंद केलं. पुढे दुसऱ्या एकांनी नवी आवृत्ती काढायची तयारी दाखवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हक्क कुणाकडे आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ महिने त्यात गेले. काकूंना त्या वयात फोन करून कागद आहेत का विचारावं लागलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी ओळखीच्या वकीलबाईंनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ दाखवलं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. लेखी काही नव्हतंच, म्हणजे हक्क माझ्याचकडे होते. आणि करार आहे पण मुदत लिहिलेली नाही, तर ती पाच वर्षं धरतात. हे मला आधी माहीत असतं तर काकांसमोर बसून दोन पानं लिहून घेतली असती, आणि ते रागावलेही नसते. आता कळतं.

म्हणून बाळ, पुस्तक दे. पण मुदत लिहून घे. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद यांचे हक्क वेगळे ठेव, सरसकट "सर्व हक्क" अशा ओळीवर सही करू नकोस. प्रती किती काढणार, प्रूफं कोण बघणार, ते विचार. सरकारी ग्रंथालयांना प्रती पाठवणार का, तेही विचार. कायद्याने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत आपल्या टाउन हॉलमधल्या सेंट्रल लायब्ररीतही जायला हवी. काकांनी माझं पाठवलं होतं. मला सोबत घेऊन फोर्टला गेले होते, त्या भल्या मोठ्या पायऱ्या चढताना दोनदा थांबले, आणि पोच घेऊन बाहेर आल्यावर म्हणाले, "आता तुझं पुस्तक मुंबईत आहे."

ते ज्येष्ठ वाईट माणूस नाहीत. त्यांनी मलाही पूर्वी मदत केली आहे. आज चुकले, एवढंच. मीही चुकले, गप्प राहिले.

त्या प्रकाशकाने तुला कराराचा मसुदा दिला असेल तर मला पाठव. नसेल दिला तर उद्याच माग, लाजू नकोस. रात्री उशिरा पाठवलास तरी चालेल, मी जागी आहे.