न्यूट्रल, यवतेश्वर आणि मळका एअर फिल्टर

काका, नमस्कार.

'पुस्तकी ज्ञान पाजळू नका, तीस वर्षं यवतेश्वरचा घाट न्यूट्रलमध्ये उतरतोय, पेट्रोल वाचतंच,' असं साताऱ्याजवळच्या या घाटाबद्दल तुम्ही माझ्या ॲव्हरेजवरच्या लेखाखाली लिहिलंत. शिवाय एअर फिल्टरच्या बाबतीत मी थापा मारल्या, असंही. तर त्या थापेबद्दल आधी कान पकडतो. फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं, असं मी ठोकून दिलं होतं. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीनं पेट्रोल मिसळणाऱ्या, जुन्या गाड्यांचं ते खरं. इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल फवारतो अशा, गाडीत हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही त्या मापानं कमी सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ साली हे तपासलं होतं. फिल्टर तुंबला की पिकअप बसतो, ॲव्हरेजला फारसा धक्का लागत नाही. कासच्या रस्त्याची धूळ खाल्लेला फिल्टर मी तरीही बदलणार, पण ते वाक्य लेखातून काढलंय.

न्यूट्रलचं मात्र ऐकणार नाही. तुमच्याकडे पद्मिनी होती म्हणता. तिच्यापुरतं तुमचं बरोबर होतं. कार्ब्युरेटर इंजिनाच्या ओढीवर पेट्रोल देतच राहतो, आणि गिअरमध्ये उतरताना इंजिन जोरात फिरतं, म्हणून जास्त पितं. आता दारात उभी आहे ती इंजेक्शनची. ती गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंत की आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवायला, पेट्रोल लागणारच. अगदी हलक्या उताराची गोष्ट वेगळी, तिथे न्यूट्रलमध्ये गाडी लांबवर जाते. पण यवतेश्वरला ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय कोण उतरलाय?

पैशाचंही सोडा. मागच्या श्रावणात कासहून येताना मीच शहाणपणा करून न्यूट्रलमध्ये सोडली होती. देवळाच्या खालची दोन-तीन वळणं झाली आणि ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. बायको म्हणाली, "कुणी टायर जाळतंय का हो?" जळत होतं ते आमचंच. कशीबशी सेकंडला टाकली, कडेला घेतली आणि ब्रेक निवेपर्यंत पावसात कणसं खात उभे राहिलो. कणसं चांगली होती, एवढीच जमेची बाजू.

राहिलं तुम्ही सांगितलेलं लिटरला २२ किलोमीटरचं ॲव्हरेज. हा आकडा मीटरच्या स्क्रीनवरचा की टाकी टू टाकी, म्हणजे एका फुल टाकीपासून पुढच्या फुलपर्यंतचे किलोमीटर भागिले भरलेलं पेट्रोल? माझी स्क्रीन परवा १९.२ दाखवत होती. ४१२ किलोमीटरला २३.६ लिटर बसलं, म्हणजे साडेसतरासुद्धा पुरतं नाही. भरताना नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं. पंपावरचा पोरगा "साहेब, राउंड फिगर करू?" म्हणतो आणि आपण मान हलवतो, हिशेब तिथेच बोंबलतो. दोन्ही वेळा पंप तोच, जमलं तर मशीनही तेच.

घाट सेकंडमध्ये उतरून अशा दोन टाक्या काढा आणि आकडा इथेच टाका. बावीस आला, तर ज्या जागेवरून फिल्टरचं वाक्य काढलंय तिथे तो घालतो.