पहिले ६७ किलोमीटर कुठे गेले?

महिलांच्या सायकल शर्यतीचं प्रक्षेपण सुरू होतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा येतो: ५८ किलोमीटर बाकी. टप्पा, म्हणजे त्या दिवसाचं अंतर, १२५ किलोमीटरचा. म्हणजे ६७ किलोमीटर होऊन गेले. पुढे पाच जणी, त्यांच्यामागे चाळीस सेकंदांवर पंधरा जणी, मुख्य घोळका आणखी दोन मिनिटं मागे. कोण कधी सुटलं, पाठलाग कोणी केला, घोळका तुटला तो चढणीवर की वाऱ्यात, कशाचाच पत्ता नाही. समालोचक हातातल्या कागदावरून सांगतो की मोठा अपघात झाला आणि दोघींनी शर्यत सोडली. कोण त्या दोघी? जाहिराती येऊन जातात तरी नाव कळत नाही. महिलांच्या टप्प्याटप्प्यांच्या, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतींत हे इतक्या वेळा होतं की आता ते कुणाला खटकतही नाही. आणि याला थेट प्रक्षेपण म्हणतात!

यावरचं ठरलेलं उत्तर म्हणजे, पहिल्या दोन तासांत काही घडतच नाही, शेवट बघा. हे उत्तर पुरुषांच्या शर्यतीवरून उचललेलं आहे आणि इथे ते साफ खोटं ठरतं. पुरुषांच्या टूर द फ्रान्समध्ये संघात आठ जण. दोघांनी दिवसभर घोळक्याच्या तोंडाशी राहून वेग धरला तरी नेत्यासाठी, म्हणजे संघाला ज्याला जिंकवायचं त्याच्यासाठी, पाच माणसं उरतात. महिलांच्या शर्यतीत संघ सहा किंवा सात जणींचा. २०२२च्या टूर द फ्रान्स फाममध्ये, म्हणजे महिलांच्या टूरमध्ये, २४ संघ होते, प्रत्येकी सहा जणी. त्यातली एक पडली, दुसरी पाण्याच्या बाटल्या आणायला संघाच्या गाडीपाशी मागे गेली, की नेत्याशेजारी उरल्या तिघी. या तिघींनी पहिल्या घाटातच निघालेला हल्ला (कोणीतरी एकदम वेग वाढवून सुटणं) आवरायचा आणि शेवटच्या घाटासाठी दमही राखून ठेवायचा, हे जमत नाही. ज्यांच्या पायात ताकद आहे त्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्या लवकर निघतात. टप्पा लहान असल्यामुळे ताकद राखून ठेवण्याचं कारणही कमी. थोडक्यात, महिलांच्या शर्यतीत पहिला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा असतो. आणि कापला जातो तोच.

त्याच २०२२च्या शर्यतीचा सातवा टप्पा घ्या. सेलेस्टा ते ल मार्कस्टाइन, १२७ किलोमीटर, वाटेत वोज पर्वतातले तीन मोठे घाट. अ‍ॅनेमीक व्हॅन व्ल्यूटनने पहिल्याच घाटात, पती बालोंवर, हल्ला चढवला. डेमी व्होलेरिंग एवढी एकच तिच्याबरोबर राहिली. पुढच्या घाटात तीही मागे पडली आणि उरलेलं साठेक किलोमीटर अंतर व्हॅन व्ल्यूटनने एकटीने कापलं. शेवटी ३ मिनिटं २६ सेकंदांची आघाडी, आणि टूरचा निकाल तिथेच लागला. शेवटच्या पाऊण तासात कॅमेरा लावला असता तर काय दिसलं असतं? एक बाई एकटी सायकल चालवते आहे, बस. ती एकटी कशी झाली, तीच तर शर्यत होती.

पाऊण तास हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. महिलांच्या वर्ल्ड टूरमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीच्या शर्यतींत, बसायचं असेल तर आयोजकाने किमान ४५ मिनिटं थेट चित्रं दिली पाहिजेत, असा जागतिक सायकलिंग संघटनेचा म्हणजे यूसीआयचा नियम आहे. इटलीतल्या गिरो रोझा या महिलांच्या शर्यतीला २०२० साली तेवढीही जमली नाहीत आणि २०२१मध्ये ती शर्यत एक पायरी खाली ढकलली गेली. दहा दिवसांच्या आसपास चालणारी, जुन्या परंपरेची शर्यत, पाऊण तासाच्या चित्रांसाठी खाली आली! नियम आवश्यक होता, त्याबद्दल वाद नाही. पण जी किमान मर्यादा होती ती कित्येक आयोजकांनी पुरेशी मानून टाकली. ताशी ४० किलोमीटर वेगाने ४५ मिनिटांत होतात ३० किलोमीटर. टप्पा डोंगरात संपत असेल तर त्याहूनही वाईट. फ्रान्सच्या आल्प्समधली आल्प द्युएझची चढण १३.८ किलोमीटर. ताशी १८ने चढलं तरी ४६ मिनिटं लागतात. म्हणजे अख्खं प्रक्षेपण शेवटच्या घाटातच संपलं. आधीच्या घाटात कोणाचे सहकारी गळले, कोणाचं चाक पंक्चर झालं, कोणाला गाडीपर्यंत मागे जावं लागलं, काही नाही.

वाऱ्याच्या दिवशी तर हा अन्याय टोकाला जातो. बाजूचा वारा सुटला की पुढची सायकलपटू वाऱ्याच्या बाजूला सरकते आणि बाकीच्या तिच्या आडोशाला तिरकी रांग धरतात. रस्त्याच्या रुंदीत अशा दहा-बारा जणी मावतात. तेराव्या बाईला आडोसा नाही. ती रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर येते, तिच्यामागे बाकीच्या एकामागोमाग एक, प्रत्येकीच्या तोंडावर वारा. त्यातल्या एकीने पुढच्या चाकाशी दोन मीटरचं अंतर पडू दिलं की तिच्या मागची सगळी माळ तुटते. ते दोन मीटर अर्ध्या मिनिटात शंभर होतात. हे बघायलाच लोक बसतात. यातलं कसब, कोपऱ्यानंतर वारा कुठून येणार हे आधी ओळखून पुढे सरकणं, धक्के खात जागा टिकवणं, हे सगळं दोन मिनिटांत घडून जातं आणि नंतर कुठल्याही आकड्यात दिसत नाही.

स्पेनमधल्या महिलांच्या शर्यतीचा, २०२३च्या व्हुएल्टा फेमेनिनाचा, सहावा टप्पा, कास्त्रो उर्दियालेस ते लारेदो. एकूण वेळेत पहिली असणारीची लाल जर्सी व्होलेरिंगच्या अंगावर. ती लघवीसाठी थांबली, आणि त्याच सुमारास व्हॅन व्ल्यूटनच्या मोव्हिस्टार संघाने वाऱ्यात वेग वाढवून घोळका फोडला. हल्ला त्या जागी आधीच ठरला होता असं व्हॅन व्ल्यूटनच्या बाजूने सांगितलं गेलं, दुसरीकडून शर्यतीच्या शिष्टाचाराचा मुद्दा निघाला. त्या दिवशी व्होलेरिंगने १ मिनिट ४ सेकंद गमावले आणि जर्सीही. पूर्ण शर्यत व्हॅन व्ल्यूटनने जिंकली ती ९ सेकंदांनी. आणि हे घडलं तेव्हा थेट चित्रं सुरूच झालेली नव्हती! वेग आधी वाढला की ती आधी थांबली, वारा खरोखर किती होता, ती परत येत असताना मध्ये किती अंतर होतं, हे डोळ्यांनी बघून ठरवायची सोयच नाही. बाजू घेऊन भांडणारे हजारो, बघितलेलं कोणीच नाही. त्या वर्षीच्या शर्यतीतला सगळ्यात निर्णायक क्षण थेट चित्रांत नाहीच.

खर्चाचं कारण पुढे केलं जातं. ते अगदीच खोटं नाही, म्हणून नीट बघू. पारंपरिक पद्धतीत मोटरसायकलच्या मागच्या सीटवर कॅमेरामन असतो, त्याचं चित्र अँटेनातून वर हेलिकॉप्टरला किंवा घिरट्या घालणाऱ्या छोट्या विमानाला जातं, तिथून शेवटच्या रेषेजवळ उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या ट्रककडे. हवेतलं यंत्र जितके तास, तितका पैसा. ढग खाली आले, वादळ झालं, की ते उतरवावं लागतं आणि मोटरसायकली रस्त्यावर धावत असूनही पडदा काळा होतो किंवा शेवटच्या रेषेवरची रिकामी कमान वीस मिनिटं दाखवत बसतात. हे मान्य.

पण याला स्वस्त पर्याय केव्हाचा आहे. पाठीवर घेता येईल एवढ्या पेटीत वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांची अनेक सिमकार्डं असतात. चित्राचे तुकडे करून ते सगळ्या नेटवर्कांवरून एकाच वेळी पाठवले जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. काही सेकंदांचा उशीर होतो. उशीर थोडा वाढवून घेतला तर चित्र आणखी स्थिर होतं, कारण मागे राहिलेले तुकडे पोचायला वेळ मिळतो. ही पद्धत कुठे फसते? खोल दऱ्यांत, दाट जंगलात, आणि मुख्य म्हणजे शेवटच्या गावात, जिथे हजारो लोक एकाच टॉवरवर फोन घेऊन उभे असतात आणि चित्राचे चौकोन होऊन पडदा थिजतो. पण टप्प्याच्या पहिल्या अर्ध्या भागात ही गर्दी नसते. रस्ता मोकळ्या शेतांमधून जात असेल तर टॉवर जवळजवळ रिकामा. म्हणजे जो भाग दाखवत नाहीत, तिथेच हे स्वस्त यंत्र सगळ्यात नीट चालतं. एक मोटरसायकल, एक पेटी, एक माणूस. हेलिकॉप्टरमधून दिसणारे किल्ले नकोत, द्राक्षमळे नकोत, समालोचनही नको. संचालकाच्या गाडीच्या छतातून शर्यत सुरू करणारा झेंडा पडल्यापासून नुसतं घोळक्याचं तोंड दाखवा. पुरुषांच्या टूरचा प्रत्येक टप्पा २०१७पासून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवतात, सपाट टप्प्यांवर चार-चार तास काहीही घडत नसताना. तिथे खर्च आड येत नाही.

बरं, चित्र सुरू झाल्यावर तरी सुख असावं? तेही नाही. कॅमेऱ्याच्या मोटरसायकली दोन असतील आणि शर्यत चार तुकड्यांत विभागली असेल, तर एक पुढच्या गटाबरोबर आणि दुसरी पाठलागाबरोबर. एकूण क्रमवारीतली पहिली बाई तिसऱ्या गटात असेल तर ती गायब. जर्सी जिच्या अंगावर आहे ती कुठे आहे, हे टप्प्यांच्या शर्यतीत प्रेक्षकाला सतत कळलंच पाहिजे. पुढे सुटलेल्या तिघी क्रमवारीत वीस मिनिटं मागे असतील तर त्यांच्यावर खिळून राहण्यात काय अर्थ आहे?

आणि पडद्यावरचे ते सेकंदांचे आकडे! दोन गटांतला खरा फरक मोजायचा तर पुढची बाई एका खुणेवरून गेली की घड्याळ सुरू करायचं आणि मागची त्याच खुणेवर आली की थांबवायचं. मोटरसायकलवर पाटी घेऊन बसलेला माणूस दाखवतो तो फरक असा मोजलेला असतो. पडद्यावर मात्र बहुतेक वेळा जीपीएसचा अंदाज असतो. सपाटीवर ताशी ४५ने शंभर मीटर म्हणजे ८ सेकंद. घाटात ताशी १५ने तेच शंभर मीटर म्हणजे २४ सेकंद. घाटात दहा मीटरची चूक झाली की जवळजवळ अडीच सेकंद इकडेतिकडे. शिवाय नागमोडी वळणांवर सिग्नल मागेपुढे होतो आणि फरक अचानक वीस सेकंदांनी उडी मारतो. प्रेक्षकाला वाटतं कोणीतरी कोसळलं. प्रत्यक्षात काही झालेलं नसतं.

अडीच सेकंदांना काय धरून बसायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी महिलांची २०२४ची टूर आठवावी. पाचव्या टप्प्यात आम्नेव्हिलला पोचायला सहाएक किलोमीटर राहिले असताना पिवळ्या जर्सीतली, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिली असलेली, व्होलेरिंग पडली आणि तिने १ मिनिट ४७ सेकंद गमावले. शेवटच्या दिवशी ती कासिया नीव्हियाडोमाच्या १ मिनिट १५ सेकंद मागे होती. आल्प द्युएझवर तिने टप्पा जिंकला, नीव्हियाडोमा १ मिनिट १ सेकंदाने चौथी आली. टप्प्याच्या विजेतीला १० सेकंदांची वेळ-सूट, म्हणजे तेवढे सेकंद तिच्या एकूण वेळेतून वजा. ७५ वजा ६१ वजा १०. उरले ४ सेकंद, आणि त्या चार सेकंदांनी नीव्हियाडोमाने टूर जिंकली. तिसरीला ४ सेकंदांची सूट असते, म्हणजे त्या एका जागेवरही बरंच अवलंबून होतं. अशा दिवशी पडद्यावर वेळ-सूट धरून चाललेली क्रमवारी सतत हवी. ती दिली नाही तर प्रेक्षकाने कागद-पेन्सिल घेऊन बसायचं, आणि बेरीज करायची ती त्या उड्या मारणाऱ्या आकड्यांवर.

जिचं काम टप्प्याच्या पहिल्या अर्ध्यात संपतं, तिच्यावरचा अन्याय तर सगळ्यात मोठा. सत्तर किलोमीटर वारा तोंडावर घेतला, सहा-सहा बाटल्या जर्सीत कोंबून घोळक्यातून वाट काढत पुढे नेल्या, नेत्याचं चाक पंक्चर झालं तेव्हा स्वतःचं काढून दिलं, आणि मग पहिल्या मोठ्या घाटाच्या पायथ्याशी ती बाजूला झाली. चित्र लागतं त्याच्या दहा मिनिटं आधी. निकालपत्रात ती ११८वी, पंचवीस मिनिटं मागे. पुढच्या वर्षीचा करार ठरवताना तिच्याकडे दाखवायला एक मिनिटाची चित्रफीत नसते. प्रायोजकाचं नाव तिच्या पाठीवर होतं, पण ते कोणी पाहिलंच नाही.

ज्यांना थेट बघता येत नाही त्यांच्यासाठी रात्री पुनर्प्रक्षेपण असतं, आणि त्याच्या चित्रात विजेती हात वर करून उभी असते, शीर्षकात तिचं नाव. एवढंही सांभाळता येत नाही? ‘टप्पा ४, पूर्ण’ एवढं लिहा. पण ‘पूर्ण’ लिहिलंत तर तो पूर्णही असू द्या. आत्ता त्या ‘पूर्ण’वर टिचकी मारली की तोच आकडा येतो. ५८ किलोमीटर बाकी.