‘धर्मावर बोलायचं तर समोर बसून’: हे मला पटत नाही

महिनाभरात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला: इमारतीच्या, भिशीच्या आणि माहेरच्या. वर ते दोन बाण, म्हणजे कितीतरी हातांतून फिरून आलेला. मजकूर थोडक्यात असा: ‘देव, धर्म, श्रद्धा यांवर फोनवर बोलू नका, समोर बसून बोला. समोर माणूस सभ्य राहतो. पूर्वी लोक पारावर, कट्ट्यावर मोकळेपणाने बोलत, म्हणून समाज एकत्र होता. लिहिलेल्याचा गैरसमज होतो. ऑनलाइन माणूस तोंड लपवून बोलतो, त्याला कशाची भीती नसते. आणि ऑनलाइन वादाने कुणाचं मत कधी बदललेलं नाही.’ खाली जोडलेले हात.

भांडणांना कंटाळलेल्या कुणीतरी कळवळून लिहिलंय, हे कळतं. पण समोर बसलेल्या प्रत्येकाला सारखंच बोलता येतं, असं त्यात धरून चाललंय. माझा अनुभव तसा नाही, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

समोर माणूस सभ्य राहतो, हा पहिला मुद्दा. ठाणे स्टेशनजवळच्या आमच्या ऑफिसात दुपारी आम्ही आठ जणी एकत्र डबे उघडतो. त्यातली एक राबोडीची, मुसलमान. अधूनमधून कुणीतरी कोशिंबीर पुढे करत सहज विचारतं, ‘तुमच्यात बायकांना मशिदीत जाऊ देत नाहीत ना गं?’ विचारणारीच्या मनात काही वाईट नसतं. ती मात्र पोळीचा तुकडा मोडता मोडता थांबते, सगळ्यांकडे एकदा बघते आणि म्हणते, ‘तसं काही नाही, घराघरावर असतं.’ मग लोणच्याची बरणी फिरते आणि विषय बदलतो. कुणी आवाज चढवत नाही. दहा वर्षं मी हे बघतेय आणि या दहा वर्षांत तिच्या श्रद्धेबद्दल त्या टेबलावर आम्हाला एक अक्षरही कळलेलं नाही.

मागच्या रमझानमध्ये एका रात्री मी तिला तोच प्रश्न लिहून विचारला. ती अर्धा तास लिहीत होती. तिची नानी घरीच नमाज पढायची. ती स्वतः रमझानमध्ये बायकांसाठी वेगळी जागा असते तिथे जाते. लहानपणी बाहेर थांबावं लागल्याचा राग अजून गेलेला नाही, पण रोजा सोडतानाचं ते पहिलं पाणी तिला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा प्रिय आहे. ‘हे जेवताना का नाही सांगत?’ मी विचारलं. उत्तर आलं, ‘तिथे मला सगळ्यांच्या वतीने बोलावं लागतं गं. इथे मी माझ्यापुरतं सांगते.’

समोरासमोरच्या वादाची ठाण्याची स्वतःची एक जुनी गोष्टही आहे. १३२१ साली फ्रान्सिस्कन पंथाचे चार ख्रिस्ती धर्मोपदेशक इथे उतरले. ज्या ख्रिस्ती घरात ते राहिले तिथे नवऱ्याने बायकोला मारलं. ती काझीकडे दाद मागायला गेली आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावं निघाली. मारहाण राहिली बाजूला, काझीपुढे धर्माचाच वाद सुरू झाला. शेवटी पैगंबरांबद्दल तुमचं मत काय, असं विचारलं गेलं. त्यांनी ते सांगितलं आणि त्यांचा जीव गेला. पुढे ठाण्याला आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने लिहून ठेवलंय की ज्या अधिकाऱ्याने त्यांना मारवलं त्याला दिल्लीच्या सुलतानानेच शिक्षा केली. कुठल्या धर्माकडे बोट दाखवायला मी हे सांगत नाही, तसा प्रसंग प्रत्येक धर्माच्या इतिहासात सापडेल. मला दिसतं ते एवढंच, की माणसं समोरासमोर होती, विचारणाऱ्याच्या हाताशी शिपाई होते आणि उत्तर देणाऱ्यांना उठून जायची सोय नव्हती.

पूर्वी लोक कट्ट्यावर मोकळेपणाने बोलत, हा दुसरा मुद्दा. कोण बोलत? माझ्या आजीला पारावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ज्यांना पाराच्या दगडाला हात लावायची मुभा नव्हती, त्यांनी तिथे देवाबद्दल काय मोकळेपणाने बोलायचं? आणि धर्मावरचा वाद लिहून करणं ही काही फोनने आणलेली खोड नाही. एकनाथांचं हिंदू-तुर्क संवादाचं भारूड सोळाव्या शतकातलं. त्यात दोघं एकमेकांच्या धर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि शेवटी एकमेकांना मिठी मारतात. नाथांनी तो संवाद लेखणीतूनच घडवला. १८३१ मध्ये मुंबईत हिंदू धर्माची बाजू मांडणारे मोरभट दांडेकर आणि मिशनरी जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला, लोक जमले, काही दिवस तो चालला. तेवढ्याने भागलं नाही. मोरभटांनी आपलं म्हणणं पुस्तकात मांडलं आणि विल्सनने पुस्तकानेच उत्तर दिलं.

शेजारी राहिलं की आपोआप ओळख होते, हेही खरं नाही. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ पासून ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे. तिथे जाणारे बेने इस्रायली, म्हणजे इथलेच ज्यू, घरात मराठी बोलतात. त्याच रस्त्याने रोज स्टेशन गाठणाऱ्या किती जणांनी त्यांना कधी विचारलं, की तुमचा विश्रांतीचा शनिवार कसा असतो? मीही विचारलेलं नाही.

तिसरा मुद्दा गैरसमजाचा. लिहिताना सूर हरवतो, हे खरंच. पण बोललेल्याचं काय होतं ते मी भोगलंय. बाबा गेले तेव्हा मला दहाव्याच्या विधीला बसायचं नव्हतं. माझा त्यावर विश्वास नाही, आणि बाबांचाही फारसा नव्हता. घर माणसांनी भरलेलं होतं. मी काकांना म्हटलं, ‘काका, मी नाही बसत, माझं मन मानत नाही.’ काका म्हणाले, ‘पोरी, ही वेळ आहे का?’ सगळ्यांनी माना खाली घातल्या, मीही घातली. संध्याकाळपर्यंत माझं ते एक वाक्य डोंबिवलीच्या आत्याकडे ‘बापाचं काही करायला तयार नाही’ होऊन पोचलं, आणि पुण्याला ‘देवाला शिव्या दिल्या’ होऊन. मी नेमकं काय बोलले होते ते दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

तोंड लपवून, निर्भयपणे बोलण्याच्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दलचं दंड संहितेतलं २९५अ हे कलम १९२७ सालचं. आता ते दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत २९९ क्रमांकाचं आहे, आणि त्यात बोललेला शब्द, लिहिलेला शब्द आणि इलेक्ट्रॉनिक माध्यम अशी तिन्हींची नावं आहेत. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. विषय धर्माचा नव्हता, बाळासाहेब ठाकरे गेल्यावर झालेल्या बंदचा होता. एकीने तर फक्त लाइक केलं होतं. त्यानंतर कितीतरी मुली लिहिलेलं पोस्ट न करता खोडून टाकायला लागल्या, त्यांतली एक मी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जे ६६अ कलम त्यांना लावलं होतं ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. आणि काही जणांना नाव झाकावंच लागतं. सासरचा पंथ मनातून सुटलेली सून आपल्या नावाने हे कुठे बोलणार?

एका बाबतीत तो मजकूर बरोबर आहे. इमारतीच्या ग्रुपवर भोंगे, फटाके, विसर्जन असं काही निघालं की दोघं भांडतात आणि दीडशे जण बघतात. बघणारे जमले की माणूस समोरच्याशी बोलायचं सोडून त्यांच्यासाठी बोलायला लागतो. तिथे हा विषय नकोच. पण मग आमच्या जेवणाच्या टेबलावरही नको आणि माणसांनी भरलेल्या सुतकाच्या घरातही नको. तिथेही बघणारे असतातच.

राहिला शेवटचा मुद्दा, की कुणाचं मत बदलत नाही. तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी, रात्री अकराला मी काकांना एकट्यांना लिहिलं. चार परिच्छेद, तीनदा खोडून. मला काय वाटतं, का वाटतं, आणि त्यांचा अपमान करायचा नव्हता, हे सगळं. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी आलं. काकांना मराठी टाइप करायला वेळ लागतो, जोडाक्षरं चुकली होती. त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. दीड तास सगळे उन्हात उभे. आजोबांची काय इच्छा राहिली असेल, म्हणून प्रत्येकाने पिंडापुढे काही ना काही कबूल केलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. ‘तेव्हापासून मला हे खरं वाटत नाही,’ काकांनी लिहिलं, ‘पण केलं नाही तर वडील उन्हात उभे आहेत असं वाटतं. म्हणून करतो. हे कुणाला बोललो नाही.’

पंचेचाळीस वर्षं ते कुणाशी बोलले नव्हते. काकूशीही नाही.

त्यांचं मत बदललं नाही, माझंही नाही. या विषयावर समोर आम्ही आजही बोलत नाही. मी गेले की ते चहा सांगतात आणि मुलांच्या परीक्षांचं विचारतात. पण वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री त्यांचा मेसेज आला: ‘तुला बसायचं नसेल तर बसू नकोस. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, कुणी काही विचारणार नाही. जेवायला मात्र ये. अळूचं फदफदं केलंय, दादाला आवडायचं.’

मी गेले. पानं वाढायला उभी राहिले, आणि मग काकांच्या शेजारी बसून जेवले.